बाकावर बसलेल्या खेळाडूचं गाणं

कामं आवरली असतील तर टेकून बसा, नसतील आवरली तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज एका गाण्याची गोष्ट सांगायची आहे. गाणं अमेरिकेतलं, बेसबॉल नावाच्या खेळावरचं. गाणारा जॉन फॉगर्टी, रॉक अँड रोलमधला मोठा नावाजलेला गायक. तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? तर खेळ आणि गाणं दोन्ही बाजूला ठेवलं तरी मधे एक कागद उरतो, सही केलेला. त्या कागदापाशी आपल्याला पोचायचं आहे. पण आधी खेळ समजून घेऊ, नाहीतर गाण्याची गंमत कळायची नाही.

आपल्याकडे शाळेत मुली सॉफ्टबॉल खेळतात, तो याच खेळाचा धाकटा भाऊ. क्रिकेटशीही थोडं नातं लागतं. एका बाजूला नऊ खेळाडू. एकजण चेंडू फेकतो, तो जमिनीवर टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो. फलंदाजाच्या हातात गोल दांडक्यासारखी बॅट. चेंडू मारला की धावायचं, पण क्रिकेटसारखं समोरासमोर नाही. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणं असतात, त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर. चारही फिरून जिथून निघालो तिथे परत आलो की एक धाव. म्हणून त्या शेवटच्या जागेला त्यांनी नावच दिलंय ‘होम’, म्हणजे घर. घर सोडायचं, चक्कर मारायची आणि बाद न होता घरी परतायचं. हे काम बायका रोज करतात, त्याची धाव कोणी मोजत नाही, ते सोडा.

आता मैदानात लांबवर तीन खेळाडू उभे असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मधोमध. मधल्या जागेला म्हणतात सेंटरफील्ड. सगळ्यात जास्त मोकळी जमीन याच्या वाट्याला. पाय चपळ हवेत, नजर तीक्ष्ण हवी आणि लांबून फेक करणारा खांदा हवा. उंच उडालेला चेंडू कुठे पडणार हे बॅटच्या आवाजावरून ओळखून धावत सुटायचं. त्यामुळे या जागेला मोठा मान. अमेरिकेतल्या लहान मुलाला विचारलंत तर पुष्कळजण सांगतील, मला तिथे उभं राहायचंय.

आणि ज्यांना संघात घेतलंय पण मैदानात उतरवलेलं नाही, ते कडेला बाकावर बसतात. कोणाला कधी पाठवायचं ते प्रशिक्षक ठरवतो. बाकावरच्याची तयारी पूर्ण असते, अंगात जोर असतो, पण बोलावणं येत नाही. ही बाकावरची तगमग ध्यानात ठेवा. आपलं गाणं तिच्यावरच आहे.

जॉन फॉगर्टीचा जन्म १९४५ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. तो वाढला शेजारच्या एल सेरिटो या छोट्या गावात. समोर खाडी, पलीकडे सॅन फ्रान्सिस्को शहर. त्याच्या लहानपणी अमेरिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर बेसबॉलचा मोठ्या साखळीतला एकही संघ नव्हता. सगळे संघ पूर्वेकडे आणि मध्यभागी. त्यामुळे त्याच्यासाठी हा खेळ म्हणजे ऐकीव गोष्ट होती, पुराणातल्यासारखी. मोठी माणसं नावं घ्यायची, वर्तमानपत्रात चित्रं यायची, एवढंच. १९५८ मध्ये न्यूयॉर्कचा जायंट्स हा संघ आपलं बिऱ्हाड उचलून सॅन फ्रान्सिस्कोला आला. तेव्हा जॉन बारा-तेरा वर्षांचा होता. त्या संघाबरोबर आला विली मेज, आणि तो खेळायचा सेंटरफील्डला.

विली मेजबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. तो काळा खेळाडू. अमेरिकेत कित्येक वर्षं काळ्यांना मोठ्या साखळीत घेतच नसत, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, मैदानं वेगळी, मजुरी कमी. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या खेळाडूनं ही भिंत पहिल्यांदा ओलांडली. प्रेक्षकांच्या शिव्या ऐकत, तोंडातून शब्द न काढता तो खेळला. विली मेजची सुरुवातही काळ्यांच्या वेगळ्या साखळीतच झाली होती. १९५४ च्या मोठ्या अंतिम स्पर्धेत त्यानं चेंडूकडे पाठ करून पळत पळत, खांद्यावरून येणारा चेंडू झेलला. तो झेल अमेरिकेत आजही दाखवतात.

रॉक अँड रोल हे संगीतसुद्धा काळ्या-गोऱ्यांची भिंत ओलांडूनच जन्मलं. काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, देवळात टाळ्यांवर म्हणायची गाणी आणि गोऱ्या खेडुतांची गिटारवरची गाणी, असं सगळं १९५० च्या दशकात एकत्र आलं आणि ठेका जोरकस झाला. चक बेरी हा काळा गायक यातला एक आद्य माणूस. त्यानं १९५६ मध्ये एक गाणं केलं, त्यात घारे-गोरे सोडून तपकिरी डोळ्यांच्या देखण्या पुरुषाचं कौतुक होतं. म्हणजे कोणाचं, ते ऐकणाऱ्याला कळायचं. त्या गाण्यात एक कडवं बेसबॉलचं होतं. फॉगर्टीनं पुढे आपल्या गाण्यात त्या तपकिरी डोळ्यांच्या माणसाची आठवण काढली, आणि विली मेज, टाय कॉब, जो डिमॅगिओ या तीन सेंटरफील्ड खेळाडूंची नावंही गुंफली. खेळ आणि गाणं यांचं नातं असं जुनं आहे.

आता कागदाकडे येऊ.

शाळेत असतानाच जॉननं दोन मित्रांबरोबर गाणं-वाजवणं सुरू केलं. थोरला भाऊ टॉम नंतर त्यांच्यात आला. चौघांनी १९६४ मध्ये फॅन्टसी रेकॉर्ड्स नावाच्या जवळच्याच एका छोट्या कंपनीशी बोलणं केलं. तीन-चार वर्षं काहीच चाललं नाही. मग सॉल झॅन्ट्स या माणसानं भागीदारांबरोबर ती कंपनी विकत घेतली. बँडचं नाव बदललं, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल झालं, आणि नवा करार झाला. तेव्हा ही विशीतली पोरं, हाती पैसा नाही. जॉन तर नुकताच लष्करी सेवेच्या बंधनातून सुटत होता. त्या करारात तीन गोष्टी होत्या. पहिली, गाण्यांची मालकी कंपनीची. दुसरी, विक्रीतला गायकांचा वाटा अगदी किरकोळ. तिसरी सगळ्यात वाईट, दर वर्षी ठरलेल्या संख्येइतकी गाणी द्यायची, आणि एखाद्या वर्षी कमी पडली तर ती बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर. सावकाराच्या चोपड्यासारखं. कितीही फेडा, आकडा पुढे सरकत राहतो.

फॉगर्टी नंतर सांगायचा की, आपल्याला यश मिळालं की हा कागद फाडून नवा करू, असं त्यांना तोंडी सांगितलं होतं. यश आलं आणि असं आलं की विचारू नका. एकट्या १९६९ मध्ये त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. बहुतेक गाणी जॉननं लिहिलेली, त्यानंच चाल लावलेली, त्यानंच गायलेली. पाच वेळा त्यांचं गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गेलं, पहिल्या नंबरवर एकदाही नाही, हाही एक विक्रमच म्हणायचा. गाणी वाजत राहिली, कंपनी मोठी झाली. कागद मात्र फाडला गेला नाही.

यात झॅन्ट्स म्हणजे निव्वळ खलनायक असं मी म्हणणार नाही. या माणसानं पुढे सिनेमे काढले, तीन सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. जाणकार माणूस होता. पण जाणकार माणूस समोर बसला की आपण कागद वाचायचं सोडून त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि चेहरा काही कोर्टात दाखवता येत नाही.

१९७१ मध्ये भाऊ टॉम बँड सोडून गेला, १९७२ मध्ये बँडच मोडला. बाकीचे कंपनीच्या बंधनातून सुटले, जॉनला मात्र सोडलं नाही, कारण गाणी लिहिणारा हात त्याचा होता. त्यातच चौघांनी करवाचवीसाठी म्हणून बहामा बेटांवरच्या एका बँकेत ठेवलेली बचत बुडाली. शेवटी त्यानं काय केलं? कंपनीतून सुटका मिळावी म्हणून जुन्या गाण्यांच्या उत्पन्नातला आपला हिस्सा सोडून दिला. मैत्रिणींनो, याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको. हक्कसोडपत्र. भाऊ रुसू नये, माहेर तुटू नये म्हणून आपण तालुक्याला जाऊन सही करून येतो, तसंच हे. सुटका मिळते, हातातलं मात्र जातं. आणि सही करताना पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशोब कोणी आपल्यासमोर मांडत नाही.

त्यानंतर जॉन गप्प होत गेला. १९७५ मध्ये एक तबकडी आली, पुढची तयार होऊनही निघाली नाही, आणि मग नऊ-दहा वर्षं काहीच नाही. ज्या माणसाच्या लेखणीतून वर्षाला तीन तबकड्या निघत होत्या, तो घरात बसून एकटाच सराव करत राहिला. बाकावरचा खेळाडू.

१९८५ च्या जानेवारीत तो परत आला, दुसऱ्या कंपनीकडून. तबकडीचं नाव ‘सेंटरफील्ड’. मुखपृष्ठावर बेसबॉलचा जुना चामडी हातमोजा. सगळी वाद्यं त्यानं एकट्यानं वाजवली होती. तबकडी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. तिच्यातलं त्याच नावाचं गाणं टाळ्यांनी सुरू होतं, आणि त्यात बाकावर बसलेला खेळाडू प्रशिक्षकाला आर्जव करतो की मी तयार आहे, मला आत घ्या. वरवर पाहिलं तर खेळाचं साधंसुधं आनंदी गाणं. पण गाणारा दहा वर्षं बाकावर होता हे माहीत असलं की ते वेगळंच ऐकू येतं. गंमत म्हणजे सुटं गाणं म्हणून ते तेव्हाच्या यादीत पहिल्या चाळिसातही आलं नाही. पण बेसबॉलच्या मैदानांनी ते उचललं. सामना सुरू व्हायच्या आधी, खेळ थांबलेला असताना, लहान मुलांच्या स्पर्धेत, सगळीकडे ते लागू लागलं. आपल्याकडे वरातीत काही गाणी लागतातच ना, तसं.

आनंद फार टिकला नाही. जुन्या कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं. आरोप असा की ‘सेंटरफील्ड’मधलं ‘द ओल्ड मॅन डाऊन द रोड’ हे गाणं म्हणजे १९७० च्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. आता जुनं गाणं लिहिलं कोणी? जॉन फॉगर्टीनं. नवं कोणी? जॉन फॉगर्टीनं. पण जुन्याची मालकी कंपनीची. म्हणजे त्याच्यावर स्वतःचीच नक्कल केल्याचा खटला!

हसू येतं, पण कायद्याच्या नजरेत तो खटला हास्यास्पद नव्हता. समजा, तुमच्या गटानं एक चटणी केली. व्यापाऱ्यानं चांगली रक्कम देऊन चटणीचं नाव आणि कृती दोन्ही आपल्या नावावर लिहून घेतली. दहा वर्षांनी तुम्ही दुसरी चटणी केली आणि तो म्हणाला, हिची चव माझ्या चटणीसारखी लागते. हात तुमचाच, तर चव सारखी येणारच! पण कृती कोणाच्या नावावर आहे, हे कोर्ट आधी बघतं. नंतर बघतं, की ही खरंच तीच कृती आहे, की नुसती हाताची चव सारखी आहे.

हाताची चव कशी सिद्ध करायची? १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात फॉगर्टी साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला. त्यानं पंचांना दोन्ही गाणी वाजवून दाखवली, आपण गाणी कशी रचतो ते उलगडून सांगितलं. माझी एक धाटणी आहे, ती दोन्हीकडे दिसणार, पण गाणी दोन आहेत. पंचांना पटलं. तो जिंकला.

त्याच तबकडीतल्या आणखी एका गाण्यानं मात्र त्याला अडचणीत आणलं. त्यात पैसे चोरणाऱ्या डुकराची गोष्ट होती, आणि डुकराचं नाव झॅन्ट्सच्या नावाशी जुळणारं. झॅन्ट्सनं बदनामीचा दावा लावला. फॉगर्टीला गाण्यातलं नाव बदलावं लागलं, आणि तो वाद कोर्टाबाहेर मिटवला गेला. राग खरा असला तरी नाव घेऊन काढला की तो महागात पडतो, आणि आपल्या खऱ्या दाव्याचं लक्ष उडतं ते वेगळंच.

नकलेचा खटला जिंकला, पण वकिलांचा खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. फॉगर्टी म्हणाला, मी चूक केली नाही हे कोर्टानं मान्य केलंय, मग हा खर्च मी का सोसू? खालच्या कोर्टांनी नकार दिला. तिथे पद्धत अशी होती की गाण्याचा मालक जिंकला तर त्याला खर्च सहज मिळायचा, पण ज्याच्यावर खटला भरलाय तो जिंकला तर त्याला आधी सिद्ध करावं लागायचं की खटलाच खोडसाळ होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च १९९४ मध्ये निकाल लागला, आणि सगळे न्यायाधीश फॉगर्टीच्या बाजूचे होते. दोन्ही बाजूंना एकच माप लावा, असं न्यायालयानं सांगितलं. पुढे त्याला सुमारे साडेतेरा लाख डॉलर मिळाले. अमेरिकेत आज एखाद्या गरीब कलाकारावर बड्या कंपनीनं खटला भरला, तर त्याच्या वकिलाच्या हातात हा निकाल असतो.

आपल्याकडे काय? लतादीदींनी फार पूर्वी, १९६० च्या दशकात, गाणाऱ्याला विक्रीत वाटा मिळावा म्हणून भांडण मांडलं होतं, त्यावरून रफीसाहेबांशी काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला. आता सिनेमात गाणं घेतलं तरी गीतकार आणि संगीतकार यांचा उत्पन्नातला वाटा करारानं सहजासहजी काढून घेता येत नाही. तो वारसांना देता येतो, नाहीतर त्यांच्या हक्काच्या संस्थेकडे सोपवता येतो. म्हणजे सही केली तरी सगळंच जात नाही, अशी सोय कायद्यानं करून ठेवली.

या सगळ्या काळात फॉगर्टी आपली जुनी गाणी गातच नव्हता. गायली की पैसा कंपनीला जातो, म्हणून त्यानं तोंडच बंद केलं. लोक मैफिलीत ओरडून मागायचे, तो गायचा नाही. मला हे फार वाईट वाटतं. रागापायी आपलीच लेकरं दारात उभी करायची नाहीत, असं झालं ते. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या क्लबमध्ये बॉब डिलन आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन त्याच्याबरोबर मंचावर होते. डिलननं त्याला बजावलं की, ‘प्राऊड मेरी’ तू गायलं नाहीस तर सगळं जग ते टीना टर्नरचंच गाणं समजेल. टीना टर्नरनं ते १९७१ मध्ये इतकं जोरात गायलं होतं, की मूळ कोणाचं हे लोक विसरायलाच लागले होते. त्या रात्री तो गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्यानं जुनी गाणी पुन्हा मोकळेपणानं म्हटली.

बेसबॉलनंही त्याची आठवण ठेवली. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे या खेळाचं मानाचं संग्रहालय आहे, हॉल ऑफ फेम. दर उन्हाळ्यात तिथे मोठ्या खेळाडूंना मानात सामील करून घेतात. जुलै २०१० च्या सोहळ्यात फॉगर्टीला बोलावलं, गाण्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून. असा मान मिळालेला तो पहिलाच गायक. बॅटच्या आकाराची खास गिटार घेऊन तो तिथे ‘सेंटरफील्ड’ गायला. ज्या विली मेजला त्यानं लहानपणी मनात साठवलं, त्याचं नाव तिथल्या भिंतीवर १९७९ पासूनच होतं.

आणि ती मूळची गाणी? २००४ मध्ये फॅन्टसी कंपनी कॉन्कॉर्ड नावाच्या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, आणि नव्या मालकांनी फॉगर्टीचा विक्रीतला वाटा पुन्हा चालू केला. मालकी मात्र अजून त्यांचीच. सॉल झॅन्ट्स २०१४ मध्ये वारले. भाऊ टॉम तर १९९० मध्येच गेला होता. फॉगर्टी मागे लागून राहिला, बायको ज्युली या कामात त्याच्या बरोबर होती. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं कॉन्कॉर्डकडून आपल्या क्रीडन्सच्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतला मोठा हिस्सा विकत घेतला. विकत, बरं का. स्वतः लिहिलेल्या गाण्यांसाठी पैसे मोजून. तेव्हा तो ७७ वर्षांचा होता.

तुमच्या गटात कोणाकडे करारपत्र, संमतीपत्र किंवा हक्कसोडपत्र सहीसाठी आलं असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवा. वाचता येत नसेल तर गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या. त्यात ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व हक्क’ किंवा ‘वारसांसह’ असे शब्द दिसले, तर त्या ओळीखाली रेघ मारा आणि त्या दिवशी सही करू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, स्त्रियांना तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. जाताना ती रेघ मारलेली झेरॉक्सच घेऊन जा, मूळ कागद घरीच असू द्या.